सावडीने वाहिलेले मीठ

सर्व जीवांना आपल्या उदरात सांभाळणाऱ्या जगज्जननीच्या चरणी मस्तक ठेवून लिहावयास बसलो आहे. निमित्त काल आमच्या घरी झालेल्या पणतीच्या बारशाचे. नातसून एका कंपनीत विक्रीचे काम करते आणि तिची मिळकत दर महिन्याला निराळी असते. बाळंतपणाच्या रजेचा पगार कोणत्या महिन्यांची सरासरी धरून ठरला, हे ती पाहुण्यांना सांगत होती. तेव्हा एक गृहस्थ पेढा तोंडात टाकीत म्हणाले, "आमच्या आजोबांनी भाईंदरच्या मिठागरावर हे त्या काळीच सुरू केलं होतं. शास्त्रीबुवांना विचारा, ते साक्षीदार आहेत."

घरात मंगलकार्य होते, म्हणून मी गप्प राहिलो. साक्ष आज देतो.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. पाठशाळेतून परतून मी वडिलांचे उपाध्येपण नुकतेच हाती घेतले होते. हंगामाच्या आरंभी आगराची पूजा होत असे. त्या वर्षी पूजा आटोपल्यावर आगराचे मालक शेठजी, म्हणजे या गृहस्थांचे आजोबा, यांनी खाडीकाठी जमलेल्या मजुरांना सांगितले, की मुंबईच्या गिरण्यांतल्या बायकांप्रमाणे आपल्या आगरावरच्या बायकांनाही बाळंतपणाचे वेतन मिळेल. बाई सरासरी जे कमावत असेल त्या मानाने, सव्वा महिना. त्या घोषणेवर मीच मंत्राक्षता टाकल्या.

देवळामागच्या पाड्यात एक जोडपे राहत असे. नवरा आगरात मीठ ओढी आणि बायको ते पाटीत भरून डोक्यावरून बांधावरच्या राशीपर्यंत वाही. मजुरी राशीच्या मापाने मिळे, दोघांची मिळून, आणि ती नवऱ्याच्या नावे. ऊन कडक असले की रास मोठी, मळभ आले की लहान. पावसाळ्यात काहीच नाही. ती बाई गरोदर होती. पहिल्या खेपेस ती बाराव्या दिवसानंतर लगेच मिठाच्या पाण्यात उभी राहिली होती. दूध आटले आणि मूल गेले. या खेपेस तिला सव्वा महिना मुलाजवळ हवा होता. त्याहून अधिक तिने काही मागितले नाही.

आगरावर सावडीची रीत होती. एखादीला काम झेपेनासे झाले, की शेजारच्या जोड्यांतल्या बायका आपले काम सांभाळून तिच्या पाट्या वाहत. ती हिंडूफिरू लागली, की तितक्याच पाट्या त्यांच्यासाठी वाहून ते ऋण फेडी. या बाईचे दिवस भरत आले तेव्हा तसेच झाले, आणि त्यामुळे त्या जोडीची रास उतरली नाही. फाल्गुनात तिला मुलगी झाली.

नवरा वेतन मागावयास शेठजींच्या पेढीवर हिशेबनीस मेहताजींकडे गेला आणि रिकाम्या हाताने माझ्याकडे आला. मी त्याच्याबरोबर परत गेलो.

"बाईच्या नावावर मजुरीच नाही, भटजीबुवा," मेहताजी म्हणाले. "सरासरी काढू कशाची?"

"जोडीतली निम्मी तिची नव्हे का?"

"बरं, निम्मी धरू. पण ती घरी बसल्यापासून रास कुठं घटली? मिळकत चालूच आहे. मग भरपाई कशाची?"

नवरा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "मेहताजी, त्या पाट्या दुसऱ्या बायांनी वायल्या. ती मजुरी आमची न्हाय, उसनी हाय."

"ते तुमचं घरचं. पेढी सावड मानत नाही."

मी तसाच शेठजींकडे गेलो. त्यांनी आदराने बसविले, केशरी दूध दिले आणि म्हणाले, "नियम मी केला, हिशेब मेहताजी करतात. मी मध्ये पडलो तर पेढी चालायची कशी? आणि मिळकत बुडाली नाही, ही तर आनंदाची गोष्ट." उन्हात तडकलेल्या पायांनी त्या बायकांनी जी माया केली, तिचाच शेठजींनी वजाबाकीसाठी उपयोग केला होता. आणि त्यांचा आवाज इतका गोड होता, की क्षणभर मलाच माझ्या रागाची लाज वाटावी.

पाड्यात परतल्यावर अंगणात उभा राहून मी जे घडले ते सांगितले. आतून ती बाळंतीण म्हणाली, "मजुरी गड्याच्या नावानं, तं बाळंतपन बी त्याच्याच नावानं लिवा म्हनावं. मंग मिलंल." बायका हसल्या. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "बारावा झाला का मी उठते. सावड अंगावर ठेवून नीज येत न्हाय."

तिच्या सर्वाधिक पाट्या ज्या म्हातारीने वाहिल्या होत्या, ती दारात बसून मासळी निवडीत होती. ती मान वर न करता म्हणाली, "निजून राव. सव्वा महिन्याच्या आत आगरावर दिसलीस तं तुजी पाटी खाडीत टाकीन."

ती सव्वा महिना घरात राहिली. मूल जगले. पुढे पाऊस पडेपर्यंत ती बांधावरच्या झोळीत लेकीला निजवून स्वतःच्या आणि इतरांच्या पाट्या वाहत राहिली. तिने सावड पुरती फेडली.

अक्षय्यतृतीयेस शेठजींच्या घरी पूजा होती. पळीतले पाणी हाती घेताना ते म्हणाले, "संकल्पात प्रसूत स्त्रियांना दिलेल्या साहाय्याचा उच्चार असू द्या." मी पळी ताम्हनात ठेवली. "जे दिले नाही, त्याचा संकल्प सोडता येत नाही," एवढे बोलून उठलो. त्यांना दुसरे उपाध्याय मिळावयास वेळ लागला नाही. पुढे देवळाच्या भिंतीवर त्यांच्या औदार्याची संगमरवरी पाटी बसली. ती आजही आहे आणि तिच्यावरून माझी दृष्टी आजही शांतपणे जात नाही. इतक्या वर्षांचा जप या एका ठिकाणी कमी पडला आहे.

तेव्हा त्या गृहस्थांस माझी साक्ष ही, की तुमच्या आजोबांच्या पेढीने त्या बाळंतिणीला काहीही दिले नाही. तिचा सव्वा महिना तिच्या शेजारणींनी डोक्यावरून वाहिला, आणि त्याचे मोल तिने स्वतः चुकते केले.

वाचकहो, तुमच्या घरी पाळणा हलता राहो. तुमच्या लेकीसुनांना बाळंतपणात विसावा आणि दूध उदंड लाभो. त्यांच्यासाठी जो भार वाहील त्याचे ऋण तुमच्या घराला सदैव स्मरो, आणि जगज्जननी तुम्हा सर्वांना सुखरूप ठेवो.