सई राहिली

लिहिण्याची सवय नसलेल्या माणसाने चाळिशीच्या उंबरठ्यावर कुणाचे चित्र शब्दांत काढायला बसावे, हे जरा धाडसाचेच आहे. वाचकांनी ते पोटात घालावे. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांना मी पुरते ओळखत होते, असेही नाही. आमचे बहुतेक बोलणे एका लोखंडी फाटकाच्या दोन बाजूंनी झाले.

त्या फाटकाची कडी चर्चच्या बालवाडीच्या सिस्टरांच्या हातात असे. आत आलेल्या मुलाचे बोट एका हातात धरायचे, दुसऱ्या हाताने कडी सरकवायची आणि बाहेर रेंगाळणाऱ्या आयांना म्हणायचे, "घरी जा नं. काहून उभ्या राहिल्या? मी आहो ना इथं." सिस्टर मूळच्या केरळच्या. मराठी त्या बालवाडीतल्या मावशींकडून शिकलेल्या, आणि मावशी नागपूरच्या महाल भागातल्या. त्यामुळे शब्द अस्सल नागपुरी, हेल मात्र केरळचा.

आम्ही साताऱ्याकडचे. नवऱ्याला हिंगण्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून नागपुरात नंदनवन भागात राहायला आलो, आणि साडेतीन वर्षांच्या सईला चर्चच्या आवारातल्या त्या दोन खोल्यांच्या बालवाडीत घातले. घरी सई एकदा बोलायला लागली की थांबत नसे. फाटकाच्या आत मात्र तिच्या तोंडून शब्द फुटेना. पावसाळा गेला, दिवाळीची सुट्टीही संपली. डॉक्टरांनी कान तपासले. ते ठणठणीत होते. एकदा जेवताना नवरा म्हणाला, "तू तरी कुठं बोलतेस चार लोकांत?" त्याने थट्टाच केली होती. पण ते खरे होते.

सिस्टर तिला उत्तरासाठी कधी अडवून धरत नसत. "आज डब्यात काय आहे वं, सई?" असे विचारायच्या, उत्तर यायला लागेल तेवढा वेळ थांबायच्या आणि ते आलेच आहे अशा थाटात म्हणायच्या, "असं का? मस्त." फाटकाबाहेरून ते पाहताना मला धीर येण्याऐवजी धास्ती वाटे. यांना आमची अडचण कळली तरी आहे का? शेवटी एकदा मी विचारलेच, ती बोलेल कधी?

"बोलते नं ती," सिस्टर म्हणाल्या. "आवाज यायचा बाकी आहे फक्त."

त्या आवाजाला मुदत होती. नाताळच्या सुट्टीआधी शेजारच्या मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका, त्याही सिस्टरच, मुलांना भेटायला येणार होत्या. जे मूल आपले नाव स्वतः सांगेल, त्याला तिथे जागा. बाकीच्यांच्या पालकांनी दुसरी सोय पाहायची. घरी आम्ही सईला तिचे नाव इतक्या वेळा विचारले की ती झोपेतही सांगू लागली. भेटीच्या सकाळी मी तिच्या स्वेटरची बटणे चुकीच्या काजांत लावली. फाटकाशी सिस्टरांनी ती काढली, नीट लावली, आणि कडी सरकवली.

मी घरी येऊन फोनसमोर बसले. तो वाजला तेव्हा सिस्टरांचा आवाज अगदी दबका होता, मधेच तुटत होता. "ताई... सई... राहिली. तुम्ही या." आणि फोन बंद झाला.

आमच्याकडे निवडीत मूल राहिले म्हणजे संपलेच. नवऱ्याला कळवण्याचे बळ माझ्यात नव्हते. गाडी काढली. वाटेत विनवणीची वाक्ये मनात जुळवत होते. ती फारच शुद्ध होत होती आणि एकही तोंडातून बाहेर पडेल असे वाटत नव्हते.

सिस्टर फाटकाशीच उभ्या होत्या. मी तोंड उघडण्याआधी त्यांनी ओठांवर बोट ठेवले, कडी काढली आणि शाळेच्या वेळात प्रथमच मला आत घेतले. वर्गाच्या दाराआड मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका स्वतःच्या चपला हातात धरून उभ्या होत्या, आवाज होऊ नये म्हणून.

आत नाताळसाठी मांडलेल्या बाळ येशूच्या गव्हाणीपुढे सई उकिडवी बसली होती. मातीची एक मेंढी तिने कळपातून काढून लांब ठेवली होती आणि तिला करड्या आवाजात बजावत होती, "घरी जा नं. काहून उभी राहिली? मी आहो ना इथं."

"तेच तर सांगितलं तुम्हाले," सिस्टर माझ्या कानाशी कुजबुजल्या. "मेंढीसंग बोलून राहिली."

बोलून राहिली, म्हणजे बोलते आहे; मधले शब्द फोनने गिळले होते.

मी विचारले, नाव सांगितले का? त्यांनी मान हलवली. नव्हते सांगितले. म्हणजे जागा गेलीच. मुख्याध्यापिका वाकून चपला पायात घालत होत्या. त्यांना त्यात फार वेळ लागतोय असे मला वाटले. मग त्या हळूच म्हणाल्या की नावाची एवढी घाई नाही, ते आपण जूनमध्ये विचारू.

जूनमध्ये सईने नाव सांगितले, आडनावासकट. ऐकायला आमच्या सिस्टर नव्हत्या. त्यांच्या धर्मसंघात बदलीचा आदेश आला की निघायचे असते. तो मे महिन्यात आला, मुले सुट्टीवर असताना. निरोप कुणी कुणाचा घेतलाच नाही.

आता फाटकाशी नव्या सिस्टर असतात. प्रेमळ आहेत, स्वच्छ हिंदी बोलतात. मोठ्या शाळेत जाताना सई रोज तिथे थांबते, कडीला हात लावते आणि मला विचारते, "आई, आपल्या सिस्टर येऊन राहिल्या का?"

मी तिचे बोट धरून पुढे चालू लागते. तुम्ही असता तर काय सांगितले असते?