मामांचे चार दोरे

आमच्या हिच्या मामांकडून आलेली कुठलीही वस्तू, ती काय आहे हे विचारल्याशिवाय घरात नेऊ नये. हे शहाणपण मला लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर आलं, आणि तेसुद्धा एका बाटलीमुळे. जळगाव जामोदहून सकाळी नांदुऱ्याला येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने ती माझ्या हातात ठेवली. बाटलीला खाकी कापडाचा अंगरखा शिवलेला होता आणि गळ्याशी दोऱ्याची एक चमत्कारिक गाठ होती. "तुमच्या मामांनी दिली, जपून न्या म्हणाले," एवढं बोलून तो चहाला गेला. जळगावहून आमच्याकडे अधूनमधून सातपुड्यातला मध यायचा. मी ती बाटली हिच्या हातात दिली आणि संध्याकाळी पोळीला मध मिळणार, या आनंदात जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या उतरवून घ्यायला गेलो. दुपारी येतो तो स्वयंपाकघर धुऊन काढलेलं, बाटली अंगणाच्या पार टोकाला, आणि ही दारात उभी. "मामाले काय झालं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "मध कसाय?" त्यानंतर दोन दिवस मला घरात कोणी काही विचारलं नाही.

मामांना काय झालं होतं, ते मामाच सांगायला आले, पण आधी नाही. आधी ते गाठीबद्दल बोलले. "जवाईबापू, माही गाठ कोणं उसवली?" बाटलीतला ऐवज वाया गेला, याचं त्यांना काही नव्हतं, पण ती गाठ त्यांनी मुद्दाम शोधून काढली होती, वाटेत कोणी उघडलं तर कळावं म्हणून. मग खिडकी लावून, दार लोटून, हळू आवाजात त्यांनी सांगितलं की नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी त्यांना साखरेचा आजार काढून दिला आहे. 'काढून दिला' हे शब्द त्यांचे. आजार आपला नसून डॉक्टरांच्या कपाटातला आहे आणि तो आपल्या गळ्यात घातला गेला आहे, अशी त्यांची पहिल्या दिवसापासूनची समजूत होती.

मामा शिंपी. जळगावात बसस्टँडजवळ त्यांचं दुकान, एक मशीन, एक कातर, आणि गळ्यात टेप. जगात त्यांचा विश्वास फक्त त्या टेपवर. स्टँडचं घड्याळ पुढं असणार म्हणून ते एसटीला लवकर जात आणि एसटी उशिरा सुटली की ड्रायव्हरचं घड्याळ मागं आहे म्हणत. चहा घेताना आधी समोरच्याला प्यायला लावत आणि त्याचा चेहरा बघत. आमच्या लग्नात पंगतीत बसताना त्यांनी चपला काढून पिशवीत घातल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन जेवले. शिंपी कापड मारतात असं लोक म्हणतात, म्हणून कपड्याबरोबर ते उरलेल्या चिंध्या, अगदी नखाएवढ्यासुद्धा, पुरचुंडी बांधून परत करत आणि गिऱ्हाइकाला त्या मोजून घ्यायला लावत. आपण सगळ्यांवर संशय घेतो, तेव्हा सगळे आपल्यावर घेतच असणार, हा त्यांचा न्याय सरळ होता.

अशा माणसाला डॉक्टरांनी सांगितलं, दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी येत जा. डॉक्टरांचंही खरं होतं. खेड्यापाड्यातले पेशंट बाजाराला येतात, त्याच दिवशी ते तपासणीचं सामान मांडून बसायचे. पण जळगावचा बाजारही त्याच दिवशी भरायचा, आणि मामांची आठवड्याची भाकरी त्यातूनच यायची. "मले सांगा, ह्या डाक्टरले बाजाराचाच दिवस काऊन सुचते? दुकान बंद दिसलं का गिऱ्हाईक समोरच्या टेलरकडे जाते, आन एकदा का त्याच्या वहीत माप गेलं, मंग ते वापस येत नाही. हे दोघं एका ताटात जेवत असन." शिवाय दुकान बंद ठेवायचं तर कारण सांगावं लागणार, आणि आजारी शिंप्याकडे लग्नाचं कापड कोण टाकतं? म्हणून मामांनी तोडगा काढला. ते स्वतः जळगावात मशीनवर बसणार, आणि त्यांच्या वतीने बाटली नांदुऱ्याला जाणार. डॉक्टर मला दर वेळी म्हणायचे, "अहो, बाटलीचा पाय कसा तपासू मी? पाय तपासायला पाय इथं यावा लागतो." हे मी मामांना सांगितलं की ते विचारायचे, "पायाचं वेगळं बिल लावते काय तो?"

आता तपासणी कशी, तर काचेच्या नळीत एक निळं औषध घ्यायचं, त्यात बाटलीतल्या लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी झालं तर डॉक्टर चष्मा काढून खुर्चीला टेकायचे. हा रंग मामांना कळवायचं काम माझं. पण माझ्यासारख्या जिनिंगमधल्या कारकुनाच्या तोंडून ऐकलेला हिरवा मामा कसा मान्य करणार? म्हणून बाटलीच्या अंगरख्यात ते चार रंगांचे चार दोरे घालून पाठवत. मी नळीशेजारी ते एकेक धरायचे, जुळेल तो काढायचा, आणि दुपारच्या गाडीने रिकाम्या बाटलीला बांधून परत धाडायचा. डॉक्टर पहिल्यांदा हसले, पुढं त्यांनाही सवय झाली. "हं, काढा तुमचे दोरे," म्हणायचे. तिकडे पिवळा दोरा पोचला की मामा म्हणत, दिवा मोठा ठेवला असन.

गोळ्या ते घेत होते, असं ते म्हणत. हिला ते पटत नव्हतं. हिला वडील नाहीत, लहानपणापासून फ्रॉकपासून शालूच्या पोलक्यापर्यंत सगळं मामांनीच शिवलेलं. मामा सुईत दोरा ओवताना आता तीनदा चुकतात, हे तिनं पाहिलं होतं. "मामाचे डोळे जातीन," ती म्हणायची, "आन डोळे गेले का शिंप्याजवळ काय राह्यते?" मी तिची समजूत घालायचो, पण खरं सांगायचं तर मामांच्या सहवासात मलाही डॉक्टरांची शंका यायला लागली होती. एकदा संशयाची सवय लागली की ती टपरीवरच्या चहासारखी असते, वेळ झाली की लागतोच.

असेच एकदा मामा बटणं घ्यायला नांदुऱ्याला आले आणि बाटली, अंगरखा, दोरे असं सगळं माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "या वक्ती आतलं माहं नाही. तुमचं भरा. नाव माहंच सांगा. तुम्ही त ठणठणीत हाय. पाहू तो डाक्टर काय म्हणते." मला योजना आवडली. बाजाराच्या दिवशी मी माझी बाटली मामांच्या नावाने घेऊन गेलो आणि डॉक्टरांच्या समोर, चोर पकडायला बसल्यासारखा बसलो. नळीतलं निळं हिरवं झालं, पिवळं झालं, आणि थांबलंच नाही. डॉक्टरांनी चष्मा काढला. "मामा गोळ्या घेत नाहीत," ते म्हणाले. "आणि हे असंच चाललं तर मला दोष देऊ नका." मी गंभीर चेहऱ्याने विटकरी दोरा काढला आणि बाहेर येऊन रस्त्यात एकटाच हसलो. डॉक्टर सापडले होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मामा हजर. इतके आनंदी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कोटाच्या खिशातून त्यांनी गोळ्यांच्या पुड्या काढल्या. एकीचीही घडी मोडलेली नव्हती. "ह्या आता मोरीत टाका. धडधाकट माणसाचं विटकरी करते, हा कायचा डाक्टर." ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी हसत हसत तांब्या उचलला, पाणी प्यायलो, आणि परत भरून परत प्यायलो.

मामा माझ्याकडे बघत राहिले. चहा पिणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचे तसेच. मग त्यांची नजर माझ्या पट्ट्यावर आली. त्या दिवाळीला त्यांनी माझी राखाडी पँट शिवली होती. माप घेताना कंबर गेल्या खेपेपेक्षा कमी भरली, तेव्हा आधी त्यांनी हिला विचारलं, "पोरी, जवायाले जेवाले देतं का नाही?" मग टेपवर जन्मात पहिल्यांदा संशय घेतला, टेप ताणून लांब झाला म्हणाले आणि पँट जुन्याच मापाने कापली. ती मी पट्ट्याने चुण्या पाडून घालत होतो. मामा उठले, गळ्यातला टेप काढला आणि माझ्या कमरेला लावला. चिमूट सरकवली, परत लावला.

"जवाईबापू," ते हळूच म्हणाले, "टेप लांबला नव्हता."

मग त्यांनी पुड्या आपल्याकडे ओढल्या, एक उघडली आणि माझ्याच हातातल्या तांब्यातल्या पाण्याने गोळी गिळली. गिळताना तोंड असं केलं, जणू डॉक्टरांशी तडजोड नाइलाजाने होते आहे.

पुढच्या बाजाराच्या दिवशी जळगावात मामांचं दुकान बंद होतं. लोकांनी कोण गेलं म्हणून चौकशी केली. मामा नांदुऱ्याला डॉक्टरांच्या बाकावर माझ्या शेजारी बसले होते, चपला पिशवीत, पिशवी मांडीवर. आत जाऊन त्यांनी स्वतःचा पाय दाखवला आणि म्हणाले, "आधी जवायाचं नीट पाहा. माहं काय, मले त शंका होतीच." गिऱ्हाइकं गेली काही समोर. लग्नाची कापडं त्या वर्षी कमी आली. पण डॉक्टरांनी मामांना पुढं सकाळी लवकर, बाजार भरायच्या आत यायची मुभा दिली, आणि दोघं परतीच्या गाडीची वेळ एकाच घड्याळात बघायला लागले.

जाताना ते माझी राखाडी पँट घेऊन गेले आणि कमरेत बारीक करून धाडली. अंगाला चांगली बसली. पण बरोबर चिंध्यांची पुरचुंडी आली नव्हती. मी ही गोष्ट मनात ठेवली. एवढं कापड कमी केलं, मग ते गेलं कुठं? आयुष्यभर दुसऱ्यांच्या चिंध्या परत करणाऱ्या मामांनी शेवटी जावयाचं कापड मारलं, असं मी हिला एकदोनदा बोलूनही दाखवलं.

मामा जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटपर्यंत दिसत होतं त्यांना, सुई चौथ्या खेपेला का होईना ओवायचे. मी पथ्यापाण्याने पुन्हा भरलो, आणि परवा ती पँट काढली तर बटण लागेना. ही कातरीचं टोक घेऊन कमरेची शिवण उसवायला बसली. आतून घडी घातलेलं कापड निघालं, चांगलं तीन बोटं रुंद, दोन्ही बाजूंना. राखाडी पँटीत ते निळ्या दोऱ्याने टाचलेलं होतं.

हिनं तो दोरा तोडला नाही. बराच वेळ बोटावर गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणता, मामाले कोणाचाच भरोसा नव्हता. मंग हे तीन बोटं कापड त्याइनं कोणाच्या भरोशावर ठेवलं?"