हालिडेला नेलेलं पीठ

बायकोच्या तेराव्याला माझा साताऱ्याचा आत्तेभाऊ पंगतीत माझ्या शेजारी बसला होता. वय ऐंशीच्या घरात, दात नावाला उरलेत, पण भूक जवानाची. बुंदी दाबून, वर आमटी भुरकून, मनगटापर्यंत ओघळलेलं चाटत तो मला म्हणाला, "रडतोस कशाला रं? वहिनीनं लय सुख भोगलं. त्या काळात बायकूला कोण हिंडवत हुतं? तू तिला हालिडेला न्हेलंस. आमच्याच घरी आलता की दोघं!"

माझ्या तोंडातला घास तोंडातच फिरायला लागला.

तो हालिडे कसा झाला ते लिहितो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पलटणीत गेलो म्हणून चार अक्षरं हातात राहिली. शुद्धलेखन बघायचं असलं तर दुसरीकडं बघा.

दुसऱ्या मोठ्या लढाईत मी इटलीत होतो. लढाई संपली आणि घरी आलो. आमचं गाव जतच्या वाटेवर, कोरडं ठाक. जोंधळा, शेंगा आणि मेंढरं, एवढंच पिकणार. घरात थोरला भाऊ कारभारी, त्याला आम्ही दादा म्हणायचो. थोरली वहिनी, पोरं, गडी धरून दहा-बारा तोंडं, आणि दोन वेळच्या भाकरी माझ्या बायकोच्या हातावर. वहिनीच्या हाताला सांधेवात होता. खरा होता का खोटा, देवाला माहीत.

दिवेलागणीला मी आणि बायको सोप्यात बियाण्याच्या शेंगा फोडत बसायचो. ती मला लढाईचं विचारायची. तोफांचं नाही, खाण्याचं.

"तितं गोरं लोक सुट्टी मिळाल्यावर काय करत्यात?"

"जुन्या गावांनी हिंडत्यात. पडकं किल्लं बघत्यात, देवळं बघत्यात आन् खात्यात. ह्या गावात एक खाणं, फुडल्या गावात दुसरं. हालिडे म्हणत्यात त्याला."

"आन् रांधतं कोण?"

"रांधणारा रांधतो."

"बाया बी खात्यात?"

"बायाच आदी बसत्यात खुर्चीवर."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आवं, मग आपल्याकडं काय जुनी गावं न्हाईत व्हय?"

झालं. त्या दिवसापासून शेंगा बाजूला आणि बेत सुरू. साताऱ्याला जायचं, छत्रपतींची राजधानी बघायची, आणि कढईतनं काढलेला गरम कंदी पेढा दुकानाच्या पायरीवर बसून खायचा. मग वाई. तिथं कृष्णेच्या घाटावर पाय सोडून बसायचं आणि खानावळीत पुरणपोळी. मग सांगली, संस्थानचं गाव. तिथली भडंग नदीवर नेऊन खायची. आणि शेवटी मिरजेला किल्ल्याजवळच्या खानावळीत मटण. घाई कुठंच करायची नाही. दुपारी जेवून झाडाखाली निजायचं, उन्हं कलली की उठायचं. भडंगीत लसूण किती असावा यावरनं आमचं एकदा भांडणसुद्धा झालं, न खाल्लेल्या भडंगीवरनं.

तिची अट एकच होती.

"म्या बसणार आन् दुसऱ्या कुणीतरी वाढायचं. गरम. आन् त्यो अजून वाढायला आला की म्या ताटावर असा हात आडवा धरनार आन् म्हननार, पुरं."

मी हसलो. "एवढंच?"

"तुमास्नी एवढंच वाटतंय. म्या जल्मात कवा कुणाला पुरं म्हनलेली न्हाई."

तेव्हा मला कळलं. आमच्यात पुरुष जेवायचे, मग पोरं, मग गडी, मग बाया टोपल्याभोवती बसायच्या. कुणी वाढायचं नाही. पुरं काय ते टोपलंच म्हणायचं.

आता, खायला चाललो असं आमच्यात तोंडानं सांगता येत नाही. मी दादापुढं नुसता विषय काढला.

"खायला?" दादा म्हणाला. "हितं काय उपाशी ठिवलंय व्हय रं तुला?"

मग तिनंच तोड काढली. मी जित्ता परत यावा म्हणून वाईच्या गणपतीला नवस बोलला होता, तो फेडायचा राहिलाय, असं सांगितलं. देवाचं नाव निघाल्यावर दादा विरघळला. इतका विरघळला की आम्हाला न विचारता त्यानं दुसऱ्या दिवशी कार्डं टाकली, साताऱ्याला आत्तेभावाला आणि सांगलीला माझ्या साडूला.

"कार्डं कशाला?" मी विचारलं.

"येडा का खुळा तू? पाव्हण्याच्या गावात जाऊन खानावळीत जेवायचं म्हंजे पाव्हण्याच्या तोंडात शेण घालायचं. नातं तुटंल."

आत्तेभावाचं उत्तर आलं. अवश्य यावे, घर आपलेच आहे. रेशनमुळे धान्याची टंचाई आहे, सबब येताना जोंधळ्याचे पीठ व शेंगा आणाव्यात.

मी कार्ड भिरकावलं. जायचंच नाही म्हणालो. तिनं ते उचललं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, "जाऊ. चार गावं हायती. कुठंतरी एका वक्ताला तरी सुटका हुईल की." आणि पहाटे उठून जात्यावर बसली. हालिडेचं पहिलं काम म्हणजे तिनं पीठ दळलं.

पोरं वहिनीकडं ठेवली. छोट्या गाडीनं मिरज, तिथनं मोठ्या गाडीनं सातारा रोड, पुढं मोटार. पिठाची पिशवी माझ्या मांडीवर. डब्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "लग्नाला चाललाय जनू?" मी म्हणालो, "हालिडेला." तो सरकून बसला.

साताऱ्याला आत्तेभावानं मिठी मारली आणि त्याच झटक्यात पिशवी काढून आत दिली. त्याची बायको कमरेला हात लावूनच दारात आली. "बाई गं, माझी कंबर आजच धरायची हुती!"

मी आणि तो बाहेर पाटावर बसलो. आतनं भाकरी थापल्याचा आवाज आला. तो आवाज मी दहा घरांतनं ओळखला असता. ती दोन थापा जोरात आणि एक हलकी मारायची. माझंच पीठ, माझ्याच बायकोचा हात, आणि ताट परक्याचं. आत्तेभाऊ तेव्हाही असाच खायचा. भाकरी चुरायची, कालवणात बुडवून कालवायची, कोपरापर्यंत ओघळ, मधनंच ढेकर, आणि ढेकर दिला की "हां, जागा झाली." माझी बायको दारात भाकरी घेऊन उभी आणि हा म्हणतोय, "वहिनी, तुमच्या हाताला काय चव हाय! टाका अजून." तिचं जेवण मी बघितलं नाही. ताक आणि तव्यावरची करपलेली अर्धी भाकरी, एवढंच तिच्या वाट्याला आलं, हे मला मागनं कळलं.

सांजच्याला मी पेढ्याचा पुडा आणला. साखर मिळत नव्हती, पेढा मिळणं मुश्कील. आत्तेभावाच्या बायकोनं तो आधी देवापुढं ठेवला, मग घरातल्या पोरांना वाटला, मग शेजाऱ्यांना "आमच्या पाव्हण्यांनी आणलाय" म्हणून नेऊन दिला. माझ्या बायकोच्या तळहातावर प्रसाद म्हणून हरभऱ्याएवढा कण आला. तिनं तो डोक्याला लावून खाल्ला.

मी परसदारी तिला गाठलं. "चल, बाजारात जाऊ. आत्ताच्या आत्ता. काय व्हायचं ते हू दे."

"गप बसा. पाव्हण्यांत शोभा करू नगा. उद्या वाई हाय की. तितं आपलं कुणी न्हाई."

वाईत आमचं कुणी नव्हतं. पण आत्तेभाऊ होता ना! सकाळी बघतो तर तो, त्याची बायको आणि पोरं सगळी नटून तयार. बायकोची कंबर रातोरात बरी झालेली. "तुमी नवस फेडणार आन् आमी घरी बसू व्हय?" झालं. सगळ्यांची शिदोरी तिनंच बांधली, अंधार होता तेव्हाच उठून.

वाईचा घाट मला अजून दिसतो. काळा दगड, संथ पाणी, ओल्या लुगड्यांचे पिळे. तिनं पाय सोडून बसायचं ठरवलं होतं त्याच पायरीवर ती उकिडवी बसून भाकरीवर ठेचा घालून हातोहात देत होती. पलीकडच्या आळीत खानावळ होती. पुरण शिजल्याचा वास येत होता. तिनं दोनदा मान वर केली. तिसऱ्यांदा केली नाही.

आत्तेभावानं बोटं चाटत विचारलं, "वहिनी, नवस न्येमका कसला वो?"

ती त्याच्या हातात चौथी भाकरी ठेवत म्हणाली, "कुणाची भूक कवा भागंल का, त्ये इचारायला आले हुते भावजी."

तो मोठ्यांदा हसला. त्याला वाटलं आपलं कौतुक केलं. किळस मला तेव्हापासनं आहे त्या हसण्याची.

सांगलीला साडू. त्याचं घर हळदीच्या वखारीमागं, सगळ्या भिंती पिवळ्या. माझी मेहुणी विटाळशी, बाजूला बसलेली. कोपऱ्यातनंच म्हणाली, "अक्का, देवानंच तुला धाडलं बघ." म्हणजे चूल पुन्हा हिच्याच गळ्यात. साडू तसा वाईट माणूस नव्हता. मी म्हणालो, हिला सांगलीची भडंग खायची आहे. तो लगेच उठला, बाजारात गेला आणि मणभर आनंदानं काय आणलं? चुरमुरे, लसणाचा गड्डा आणि तेल. "दुकानातली कशाला? अक्काच्या हातची खाऊ!" तिनं चुलीपुढं बसून भडंग परतली. लसूण मी म्हणत होतो तितकाच घातला. भांडण मी जिंकलो.

जाताना पिशवीत पीठ शिल्लक नव्हतं. रिकामी पिशवी तिनं घडी करून काखेत धरली.

मिरजेला उतरलो तर किल्ल्याकडं जायला वेळ नव्हता. छोटी गाडी सुटायला थोडाच अवकाश, आणि ती चुकली तर दुसऱ्या दिवसापर्यंत फलाटावर. मटणाचं नाव तिनंच काढलं नाही. स्टेशनाबाहेर एक पत्र्याचं हॉटेल होतं. बायकांसाठी गोणपाटाचा पडदा लावलेला, मागं दोन फळ्यांची बाकडी. ती त्या पडद्याकडं बघत उभी राहिली.

"हितं आपलं कुणी न्हाई न्हवं?" तिनं विचारलं.

मी चारी बाजूला बघितलं. खरंच बघितलं. "न्हाई."

"मग चला."

पडद्यामागं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मालकानं मलाही आत बसू दिलं. तसलं घाण जेवण मी लढाईतसुद्धा खाल्लं नाही. भात रेशनचा, ओल्या पोत्याचा वास मारणारा. आमटीत डाळ शोधायला होकायंत्र लागलं असतं. बटाट्याच्या भाजीचं तेल खवट, आणि ताटलीच्या कडेला आदल्या गिऱ्हाइकाचं वाळलेलं कालवण. माशा तर विचारूच नका. मी पहिल्याच घासाला ताटली ढकलली आणि भांडायला उठलो.

"बसा," ती म्हणाली.

"अगं, कुत्रं खाणार न्हाई ह्ये!"

"बसा म्हनते. गरम हाय."

ती मांडी घालून बसली होती बाकड्यावर. सावकाश जेवत होती. प्रत्येक घास नीट चावून. डोक्यावरचा पदर घसरला तरी तिनं सावरला नाही. मी तिला इतकं सावकाश जेवताना कधी बघितलं नव्हतं. मळकट बनियनमधला वाढपी भाताचं पातेलं घेऊन पडद्याआड आला आणि कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "बाई, भात?"

तिची ताटली रिकामी होती. भूक होती, मला दिसत होती. सातारा, वाई, सांगली, तिन्ही गावांत ती अर्धपोटी होती. पण तिनं ताटलीवर हात आडवा धरला. भाकऱ्यांनी पोळलेला तो हात, मनगटावरची काकणं मागं सारलेली. मान थोडी वर.

"पुरं," ती म्हणाली.

वाढपी गेला. ती माझ्याकडं बघून अशी हसली की मी माझी ताटली पुढं ओढली आणि तो घाणेरडा भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.

त्यानंतर आम्ही कुठं गेलो नाही. शेतं, पोरं, नातवंडं, तिचं दुखणं. तिच्या शेवटच्या महिन्यात सुना तिला बसवून भरवायच्या, पण तेव्हा तिला घास जात नव्हता. दोन चमच्यांनंतर मान फिरवायची. ते पुरं मी धरत नाही.

हे सगळं माझ्या डोळ्यांपुढनं गेलं तेराव्याच्या पंगतीत, आत्तेभाऊ शेजारी भुरकत असताना. माझा पोरगा बुंदीची परात घेऊन आमच्यापुढं आला. आत्तेभावाची पत्रावळ अजून भरलेलीच, तरी त्यानं ती पुढं सरकवली. "टाक रं पोरा. वहिनीच्या नावानं टाक."

पोरानं पळी भरली. मी आत्तेभावाच्या पत्रावळीवर माझा हात आडवा धरला.

"पुरं," मी म्हणालो.

आत्तेभाऊ माझ्या हाताकडं बघत राहिला. पोराला काय करावं कळेना, पळी तशीच वर. मी हात काढला नाही. बुंदीचे चार दाणे पडले माझ्या मनगटावर, ते तिथंच राहू दिले. पोरगा पुढच्या पानाकडं सरकेपर्यंत.