घेरातलं शिसं

ताम्मू मावशीनं चौतीस वर्षांत आमच्या सुईरा गावातल्या निम्म्या बायकांना नवरी केलं, पण एकाही लग्नात ती बसून जेवली नव्हती. नवरी सजवणारीला आमच्याकडे नेग्गाफा म्हणतात. नवरीचे पाच-सात पोशाख, मुकुट, कमरपट्टे, नवरीला बसवून खांद्यावर मिरवायची पालखी, हे सगळं तिच्याकडे भाड्यानं मिळतं आणि त्याबरोबर ती स्वतःही येते. तिला वगळून नुसते कपडे मिळत नाहीत. त्या दिवशी नवरीनं कधी हसायचं, कधी पाणी प्यायचं, नजर किती वेळ खाली ठेवायची, हे मावशी ठरवते. नवरदेवाची पाळी दुसऱ्या दिवसापासून.

माझी आई ही तिची पहिली नवरी.

मावशीची खरी करामत घेरात असते. आमच्या गावचा वारा साऱ्या मोरोक्कोत बदनाम आहे. इथं छत्री घेऊन फिरणारा माणूस परगावचा, हे लांबूनच कळतं. म्हणून मावशी प्रत्येक पोशाखाच्या खालच्या दुमडीत शिशाच्या गोळ्या शिवते, कोळी जाळ्याला लावतात तशा. मराकेशच्या नेग्गाफा तिला कोळीण म्हणून हसतात. हसोत. आमची नवरी चालली की बारीक खळखळ ऐकू येते. लग्न म्हणजे हाच आवाज, असं मला शाळेत जाईपर्यंत वाटायचं.

या उन्हाळ्यात माझ्या बहिणीचं, इब्तिसामचं, लग्न ठरलं. ती कासाब्लांकात एका जाहिरातीच्या कचेरीत काम करते. आली ती फोनमध्ये दोनशे फोटो घेऊनच. तिला रेट्रो बोहेमियन लग्न हवं होतं. सिंहासन नको, पालखी नको, मुकुट नको, पोशाख एकच. गावाबाहेर दियाबातच्या समुद्रकाठच्या वाळूवर, जिथं सत्तरच्या दशकात लांब केसांचे परदेशी तंबू ठोकून राहायचे तिथं, जुने गालिचे अंथरायचे. बुटकी टेबलं, मातीच्या सुरयांत वाळलेलं गवत, पितळी किटलीतून चहा. आणि आमच्याकडे लग्नं रात्रीची असतात तरी, सगळं भर दुपारी, कारण फोटोंना ऊन लागतं.

आईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गालिचे जमिनीवर, टेबलं बुटकी, चहा किटलीतून. म्हणजे आपलं घर. त्यासाठी कासाब्लांकाहून बाई कशाला आणायची?"

कारण एक बाई आणलीच होती, लग्नाची आखणी करणारी. गवत तिचंच होतं.

आमंत्रणं तपकिरी कागदावर छापली. ताम्मू मावशीचं द्यायला मी गेलो. तिनं ते वाचलं, उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा वाचलं.

"मास्तर, पालखी किती वाजता आणायची ते यात लिहिलेलं नाही."

मी गावच्या शाळेत शिकवतो, म्हणून तिचा मास्तर. मी म्हटलं, मावशी, पालखी नाही. तुला नुसतं बोलावलंय. पाहुणी म्हणून.

"आणि मी येऊन काय करायचं?"

"बसायचं. जेवायचं."

तिनं कागद घडी करून बशीखाली ठेवला आणि पोशाख दाखव म्हणाली. मी फोटो दाखवला. मलमलीचा, मोहरीच्या रंगाचा, रुंद बाह्यांचा लांब झगा. मावशीनं चष्मा लावला.

"हा माझ्या आईचा मासे साफ करायचा झगा."

दियाबातच्या एका दाढीवाल्या परदेशी माणसाला तिच्या आईनं खरोखरच असा झगा विकला होता, मनगटी घड्याळाच्या बदल्यात. त्याला फसवलं म्हणून घरात आठवडाभर आनंद होता. मग घड्याळ बंद पडलं.

"गोळ्या शिवल्यात का?" तिनं विचारलं. मी सांगितलं, इब्तिसामला झगा तरंगायला हवाय.

"तरंगेल. थेट कॅनरी बेटांपर्यंत जाईल." हसता हसता ती थांबली. "तुझ्या आईपासून मी हे काम सुरू केलं. तिच्या लेकीच्या लग्नात मी ताट घेऊन बसलेली दिसले, तर गावाला काय कळायचं ते कळेल. पुढच्या वर्षी मला कोण बोलावणार?"

मी चहा संपवला.

लग्नाच्या दोन दिवस आधी वाळूवर रंगीत तालीम झाली. वाराही आला, न बोलावता. आधी गवत गेलं. मग दोऱ्या विणून केलेली कमान गेली. तिच्यामागे फोटोवाला धावला, त्याची टोपी दुसऱ्या दिशेला. झगा बहिणीच्या डोक्यावर गेला तेव्हा आम्ही सगळे पुरुष समुद्राकडे बघायला लागलो. इब्तिसाम गालिच्यावर बसली, दोन्ही हातांनी घेर धरून. आखणीवाल्या बाईनं सुचवलं, पिना लावून घेर गालिच्याला टाचू या.

"म्हणजे चालताना गालिचा बरोबर न्यायचा?" इब्तिसाम म्हणाली. मग मला म्हणाली, "दादा, गाडी काढ."

ती झग्यावर जेलाबा, टोपीचा लांब अंगरखा, चढवून ताम्मू मावशीच्या दारात उभी राहिली. "मावशी, गोळ्या शिवून देशील?"

"मी पाहुणी आहे पोरी. पाहुण्यांना कोणी कामं सांगतं का?"

"मग पाहुणी होऊ नकोस."

मावशीनं तिला आत घेतलं, पण सुई उचलली नाही. "पालखी?"

"नको."

"मुकुट?"

"नको मावशी. पण माझ्यामागून तू चाल. आईच्या वेळी चालली होतीस तशी."

मावशीनं सुयांचा डबा पुढं ओढला. "नजर खाली ठेवशील?"

"फोटोवाल्याला डोळे हवेत."

"दहा पावलं."

"पाच."

"सात," मावशी म्हणाली आणि सुईत दोरा ओवला.

मलमल नेहमीच्या गोळ्यांनी फाटली असती. मावशीनं बंदरावरून सार्डिनच्या जाळ्याच्या बारीक गोळ्या मागवल्या आणि आतून सुती पट्टी लावून त्यात शिवल्या. मग बहिणीला गच्चीवर वाऱ्यात चालवलं. दोन काढल्या, तीन घातल्या, पुन्हा चालवलं. शेवटी घेर घोट्यापर्यंत उचलायचा आणि आपसूक खाली यायचा. तरंगणंही झालं, अब्रूही राहिली.

लग्नाच्या दुपारी वारा होताच. मावशी कामाचा पांढरा कफ्तान घालून इब्तिसामच्या मागे दोन पावलं ठेवून चालत होती. तिचे ओठ मोजत होते. सात पावलं नवरीची नजर वाळूवर होती. आठव्याला तिनं मान वर केली, ती थेट आईकडे. आई, जी दुपारच्या लग्नाला महिनाभर नावं ठेवत होती, डोळ्यांत वाळू गेली म्हणाली.

आणि मग मावशीचं काम संपलं. पोशाख एकच, बदलायला दुसरा नव्हता. चारच्या सुमाराला ती टेबलांच्या कडेला नुसतीच उभी होती. हात कुठं ठेवावेत, हे चौतीस वर्षांत पहिल्यांदाच तिला कळत नव्हतं. मी माझ्याशेजारची उशी थोपटली. ती बसली, दारात बसावं तशी, उठायच्या तयारीनं.

कोंबडीत मीठ कमी आहे, हे तिनं पहिल्याच घासाला सांगितलं. दुसऱ्या घासाला, ऑलिव्ह बरे आहेत. तेवढ्यात समोरच्या टेबलावरून दोघी-तिघी आल्या. पुढच्या महिन्यात एकीच्या मुलीचं लग्न होतं. लेकीला मुकुट हवा आणि घेरात अशाच बारीक गोळ्याही हव्यात, असं ती म्हणत होती. मावशी म्हणाली, उद्या या, आत्ता मी जेवतेय.

वारा पुन्हा सुटला. इब्तिसाम पाहुण्यांमधून फिरत होती, तिच्याबरोबर ती खळखळही. मावशी ऐकत होती. मान न वळवता म्हणाली, "डावीकडची एक सुटलीय."

मी विचारलं, सुई आणू?

"जेवण झाल्यावर," ती म्हणाली आणि तिनं पावाचा तुकडा मोडला.