चिंचेने धुतलेला बाजा

बहारीनमध्ये आपल्या माणसांत ब्लूज वाजवणारा पहिला माणूस आमच्या घरी कागदी कपात चहा प्यायचा. ‘पहिला’ हा दावा त्याचाच. तपासायला कोण जाणार? कागदी कप मात्र माझ्या सासूबाईंचा. त्या व्हिजिट व्हिसावर पुण्याहून आल्या तेव्हापासून ते कप आमच्या ओट्यावर दिसायला लागले. “धुण्याचा व्याप नको,” म्हणायच्या. आमच्यासाठी मात्र हा व्याप त्या आनंदाने करायच्या.

हे चाचा मला भेटले सलमानियाच्या हॉस्पिटलात. माझं तपासणीचं काम होतं आणि नंबर काही केल्या लागत नव्हता. पलीकडच्या बाकावर एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ डोळे मिटून माउथ ऑर्गन वाजवत होते, अगदी हळू. आपल्याकडे लग्नात, गॅदरिंगला वाजतात तसली फिल्मी गाणी नव्हती ती. सूर वर जायचा, मध्येच वाकायचा आणि एखाद्या हट्टी मुलासारखा तिथेच बसून राहायचा. नर्स रागावेल म्हणून मी वाट बघत होते. ती आली आणि म्हणाली, “व्हेरी गुड, यल्ला, चला, आणखी वाजवा.” छातीचा व्यायाम म्हणून डॉक्टरांनी त्यांना प्लास्टिकची नळी फुंकायला दिली होती. ती त्यांनी कपाटात टाकून दिली होती. मग फोन आला आणि ते रत्नागिरीकडच्या बोलीत बायकोशी भांडायला लागले. मला इतका आनंद झाला की ते भांडण संपेपर्यंत मी तिथेच थांबले. माझा नंबर तोवर निघून गेला.

ते जहाजदुरुस्तीच्या यार्डात फिटर म्हणून तरुणपणी आले होते. एका जहाजाचं काम बरेच दिवस रेंगाळलं. त्या जहाजावरचा आचारी अमेरिकेच्या दक्षिणेकडचा, काळा, धिप्पाड माणूस. संध्याकाळी डेकवर बसून तो या बाजावर, म्हणजे माउथ ऑर्गनवर, त्याच्या माणसांचं ब्लूज वाजवायचा. चाचांना इंग्रजी येत नव्हतं, त्याला हिंदी येत नव्हती. “पण बाय, शिकायला बोलायची गरज काय? तो वाजवायचा, मी बघायचो. आपण बाजा फुंकतो. हे गाणं फुंकायचं नाय, आत ओढायचं. श्वास ओढला की सूर वाकतो.” जहाज निघालं तेव्हा आचाऱ्याने स्वतःचा बाजा त्यांच्या हातात ठेवला. नईम वस्तीतल्या आपल्या खोलीत त्यांनी तो पहिल्यांदा वाजवला तेव्हा सोबतचे लोक धावत आले. गावाकडून कुणाच्या तरी मयताचा फोन आला असं त्यांना वाटलं. एकाने तर पाणीसुद्धा आणलं होतं.

पुढे ते दर शुक्रवारी आमच्या अमवाजच्या फ्लॅटवर यायला लागले, माझ्या मुलीला शिकवायला. माझ्या मुलीला मराठी समजतं सगळं, उत्तर मात्र इंग्रजीत. चाचांना इंग्रजी आता जेमतेम येतं. दोघांचं छान चालायचं. ते म्हणायचे, “घाई नको गो, ओढ, ओढ, आता सोड,” आणि ती म्हणायची, “आय नो, चाचा!” पण तिला येत नव्हतं. सूर वाकायचाच नाही, नुसता किंचाळायचा. शेजारचे बिचारे सभ्य होते.

मग एका शुक्रवारी चाचांनी सांगितलं की व्हिसा आता वाढवणार नाहीत. यार्ड केव्हाच सुटलं होतं, भाच्याच्या दुकानाच्या व्हिसावर कसंबसं चालू होतं, आणि छाती साथ देत नव्हती. कायमचं गावी जायचं. “खलास,” असं म्हणून ते हसले, पण हसता हसता त्यांना दम लागला. त्यांच्या मुलांना या रडक्या बाजात काडीचा रस नाही. फुंकून वाजवता येतो बऱ्याच जणांना, पण ओढायचं कसब त्यांनी दुसऱ्या कुणाला शिकवलंच नव्हतं. माझ्या मुलीला नाही जमलं तर ते त्यांच्याबरोबरच जाणार होतं. खिशातून रुमालात गुंडाळलेला आचाऱ्याचा बाजा काढून त्यांनी तिच्यासमोर ठेवला. “पुढच्या शुक्रवारपर्यंत ह्याच्यावर कर. हा जुना आहे, लाकडाचा आहे, हा ऐकतो.”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर बाजा ओट्यावर उन्हात चकाकत होता. सासूबाईंनी तो गरम पाण्यात बुडवून, कडेचं पितळ दिसलं म्हणून चिंच-मीठ लावून देवाच्या उपकरणीसारखा घासला होता.

“उष्टं गं ते,” त्या म्हणाल्या. “किती माणसांच्या तोंडाला लागलेलं. पोर तोंडात घालते.”

मी संतापले. माझा राग म्हणजे दूध उतू जावं तसा, सांगून येत नाही. तोंडात आलेलं वाक्य मात्र मी गिळलं, कारण ते बाजाबद्दल नव्हतं, कागदी कपाबद्दल होतं. आतलं लाकूड फुगलं होतं, कडा पुढे आल्या होत्या. मुलीने वाजवून पाहिला तर ओठ खरचटला. ती रडायला लागली. सासूबाईंचा चेहराही उतरला, हे मला तेव्हाही दिसलं.

शुक्रवारी चाचा आले. मी सगळं खरं सांगितलं. सासूबाई सोफ्याच्या टोकाला ताठ बसून होत्या. चाचांनी बाजा हातात घेतला, फुगलेल्या कडांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “ब्लेड आहे का घरात?”

ब्लेडने ते लाकडाच्या पुढे आलेल्या कडा तासायला लागले, पेन्सिलीला टोक काढावं तसे. तासता तासता खाली मान घालून बोलत होते. “तो आचारी पण भिजवायचा बाजा. सरळ बादलीत. मोठा वाजतो, असं खुणेनं सांगायचा. लाकूड फुगलं की असंच तासायचा. आजींनी काय वाईट नाय केलं.” ब्लेडवरचा भुसा झटकून म्हणाले, “त्याच्या लहानपणी त्यांच्या गावात त्याच्या माणसांना पाण्याचा नळ वेगळा होता. पेलाही वेगळा. हे त्याने मला हातांनी करून दाखवलं होतं. मग बाजाकडे बोट करायचा, तिथनंच आलंय हे गाणं.”

हे ते मुद्दाम बोलले की सहज, मला आजही कळलेलं नाही. त्यांनी मान वर केली नव्हती.

सासूबाई उठून आत गेल्या. त्या रुसल्या असं मला वाटलं. थोड्या वेळाने त्या चहा घेऊन आल्या, आमच्या रोजच्या कपबशीत. चाचांनी बशीत ओतून फुर्र करून प्यायला. मग बाजा ओठाला लावून एकदाच ओढला. भिजलेला, तासलेला तो बाजा खरंच मोठा वाजला. पुढचा श्वास त्यांना पुरला नाही. न पुसता त्यांनी तो बाजा मुलीच्या हातात दिला, आणि तिनेही न पुसता ओठाला लावला. सासूबाई बघत होत्या. आणि त्या दिवशी, खरचटलेल्या ओठाने, माझ्या लेकीचा सूर पहिल्यांदा वाकला. मी रडले, लपवलंही नाही.

चाचा आता गावी आहेत. व्हॉइस मेसेज येतात, त्यात कोंबडे जास्त आणि चाचा कमी. परवाच्या मेसेजात म्हणाले, “माझ्याच्यानं आता ओढवत नाय गो. तू ओढ, मी ऐकतो.”

सासूबाई पुण्याला परतल्या. रविवारी व्हिडिओ कॉल येतो. माझी तब्येत, लेकाचं डाएट, सगळं नंतर. त्या आधी नातीलाच बोलावतात.

“बाजा कुणी धुतला नाही ना?”

“नो, आजी.”

“धुऊ नका हो. आता वाजव बघू, मी बसल्येय इथे.”