पन्नास अधिक पन्नास गुणिले शून्य

त्या रविवारी मी मुलीला घेऊन रायपूरच्या गुढ़ियारीत आई-बाबांकडे पोचले, तेव्हा ऊन इतकं चढलं होतं की फाटकाच्या कडीला हात लावता येत नव्हता. बाबा कूलरसमोर खुर्ची टाकून बसले होते. ते रेल्वेच्या माल कार्यालयातून निवृत्त झालेले. नोकरीसाठी विदर्भातून रायपूरला आले आणि इथलेच झाले; घराबाहेर हिंदी बोलतात, शेजाऱ्यांशी छत्तीसगढ़ी, पण आकडे मात्र मराठीतच मोजतात.

आमच्या नातेवाईकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. लग्नाच्या पत्रिका आणि सणांच्या शुभेच्छांमध्ये कुणीतरी रोज गणिताचं कोडं टाकतं. एरवी ग्रुपवर गप्प असणारे बाबा कोडं आलं की सावरून बसायचे. चुकीचं उत्तर देणाऱ्याला फोन करून झापायचे, मग तो जावई असो की व्याही. ‘कंचेभागुबेव विसरला का?’ आधी कंस, मग ‘चे’, मग भागाकार, गुणाकार आणि शेवटी बेरीज, वजाबाकी. मी हिंदी शाळेत शिकले. वर्गात सगळे ‘बोडमास’ म्हणायचे आणि मी मनातल्या मनात बाबांचा मंत्र म्हणायचे.

त्या दिवशीचं कोडं साधं होतं. माझ्या मुलीने, ती दहावीत आहे, मोबाइलवरून वाचून दाखवलं, “नाना, पचास प्लस पचास इंटू ज़ीरो प्लस दो.”

“दोन,” बाबा म्हणाले.

ती हसली. तिला वाटलं, नाना गंमत करताहेत. “बावन आएगा नाना. पहले इंटू होगा ना!”

“दोन! पन्नास अन् पन्नास शंभर. शंभर गुणिले शून्य, शून्य. अन् वर दोन.”

“पर आप ही तो सिखाए थे कि…”

“मले शिकवून राहिली का तू?” बाबा एवढ्या जोरात ओरडले की आई स्वयंपाकघरातून हातात झारा घेऊनच बाहेर आली. मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. तिच्यावर ते कधी आवाज चढवत नसत. माझ्यावर चढवत, पण तिच्यावर नाही.

“उन्हानं डोकं गरम झालं असंन,” आई पुटपुटली. “दोन दिवसांपासून असेच करून राहिले.”

मी बाबांच्या समोर स्टूल घेऊन बसले. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. “बाबा, कंचेभागुबेव म्हणा बरं.”

त्यांनी ते धडाधड म्हटलं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

“मग इथं आधी काय करायचं?”

“आधी बेरीज. ती आधी लिहेल आहे ना!”

ते माझ्याकडे पूर्ण खात्रीने पाहत होते. नियम त्यांना पाठ होता, पण तो समोरच्या आकड्यांना लावायचा असतो, एवढंच त्यांच्याकडून निसटलं होतं.

आईला मी आत नेलं. “दोन दिवसांपासून म्हणजे काय? काय करून राहिले?”

ती पदराला हात पुसत म्हणाली, “काल नवा सदरा घातला अन् तसेच आंघोळीले जाऊन बसले. आज चहात पोहे टाकले. मी म्हटलं, वय झालं.”

“मले फोन काहून नाही केला?”

“तुले कायले त्रास…”

माझ्या डोक्यात एकच शब्द फिरत होता, पॅरालिसिस. मी बाहेर येऊन बाबांना दोन्ही हात वर करायला लावले. केले. हसायला सांगितलं. चेहरा सरळ होता. बोलणं स्वच्छ होतं. म्हणून भीती कमी व्हायला हवी होती, पण ती वाढली. दिसण्यासारखं काहीच नव्हतं. कुणालाही दाखवलं असतं तर म्हणाला असता, म्हातारा चिडला आहे, एवढंच.

“बाबा, आपण जरा डॉक्टरकडे जाऊन येऊ.”

“कायले? एका गणितासाठी दवाखाना?” ते उठून उभे राहिले, आणि उभं राहताना त्यांचा तोल जाऊन हात खुर्चीवर पडला. “मी कुठी येत नाही. तुम्ही मायलेकी मले येडा ठरवून राहिल्या!”

ओढून नेता येईना. नवरा गावाला गेलेला. शेजारच्या भैयांना बोलवावं, तर चार लोकांसमोर बाबा आणखी पेटतील. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. तिला काय सुचलं कोण जाणे, ती भिंतीला टेकून खालीच बसली.

“अहो, मलेच कसंतरी होऊन राहिलं,” ती म्हणाली. “छातीत धडधडते.”

क्षणभर मलाही खरंच वाटलं. मग तिने माझ्या हाताला चिमटा काढला.

बाबांचा चेहराच बदलला. “अवो, मंग आधी सांगाचं ना! पोरी, गाडी काढ. पाण्याची बाटली घे.” आईचा दंड धरून तेच तिला फाटकापर्यंत घेऊन गेले. त्यांच्या पायात चपला नव्हत्या. मुलीने मुकाट्याने त्या उचलून गाडीत ठेवल्या.

शंकर नगरजवळ माझ्या ऑफिसच्या वाटेवर एक रुग्णालय आहे, तिकडे मी गाडी वळवली. रेल्वे पुलाखालच्या रस्त्यावर ट्रक अडकला होता. मागून पुढून हॉर्न. बाबा मागच्या सीटवर आईचा हात धरून बसले होते आणि मला म्हणत होते, “उजवीकडे घे, उजवीकडे.” उजवीकडे भिंत होती. मी आरशात त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. शेजारी बसलेली मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, “मम्मी, मुझे हँसना नहीं चाहिए था.” मी म्हटलं, “तू हसलीस म्हणून तर आपल्याला कळलं.”

रुग्णालयात तरुण डॉक्टरीणबाईंनी आईला तपासायला घेतलं. बाबा शेजारी उभे राहून तिच्या वतीने उत्तरं देत होते. आई म्हणाली, “दीदी, आता आले आहे तर ह्यायलेही पाहून घ्या.” मी बाबांच्या मागून डोळ्यांनी खूण केली. डॉक्टरीणबाई समजल्या.

“दादाजी, सौ में से सात घटाइए।”

“त्र्याण्णव.”

“उसमें से फिर सात?”

बाबा थांबले. ओठ हलले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही, चुकलेल्या रस्त्यावर माणूस पाहतो तसं. त्यानंतर ते न भांडता पलंगावर आडवे झाले.

डोक्याचा सीटी स्कॅन ठीक आला. रक्ताचा अहवाल येईपर्यंत आई जपमाळेशिवायच बोटं चाळवत बसली होती. रक्तातलं सोडियम फार उतरलं होतं. ब्लडप्रेशरच्या गोळीने लघवीवाटे मीठ जात होतं, उन्हामुळे बाबा तांब्यामागून तांब्या पाणी पीत होते, आणि आईने मोबाइलवर कुठेतरी ऐकून त्यांच्या ताटातलं मीठ जवळजवळ बंदच केलं होतं.

“म्हणजे मीच केलं हे,” आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, गोळी बदलायला हवी होती, तुमच्या मिठाचा दोष थोडाच. मग मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं की सोडियम आता हळूहळूच वाढवावं लागेल. घाईने भरून काढलं तर मेंदूला कायमची इजा होते. आणि उशीर झाला असता तर झटके आले असते.

त्यामुळे पुढचे दिवस विचित्र गेले. सलाईन थेंब थेंब पडत होतं आणि आम्हाला ते लवकर पडायलाही नको होतं. नर्स पुन्हा पुन्हा रक्त घेऊन जाई. आकडा थोडासा वर सरके, आम्ही श्वास सोडायचो, आणि बाबा आईला विचारायचे, गाडी किती वाजता सुटते.

एका सकाळी त्यांनी विचारलं, “माहा चष्मा कुठी आहे? अन् हे सलाईन कायचं लावलं मले?” आईने तोंडाला पदर लावला.

घरी आल्यावर आईचं नाटक त्यांना कळलं. तिच्यावर ते चिडले नाहीत, माझ्याशी मात्र आठवडाभर अबोला धरला. नंतर एका संध्याकाळी मी नळाखाली बादली लावून अंगणात पाणी शिंपडत होते, तेव्हा आपणहून बोलले.

“त्या दिवशीचं मले आठवते. सगळं नाही, पण ते गणित आठवते.”

मी नळ बंद केला.

“मले बरोबरच वाटत होतं, पोरी. चुकून राहिलो असं एकदाही नाही वाटलं. एरवी बरोबर उत्तर काढल्यावर जसं वाटते ना, अगदी तसंच. आता कोणतंही उत्तर आलं का भेव वाटते. हेही तसंच असंन तं?”

मी म्हटलं, “मग आम्हाले विचारत जा.”

“हव,” ते म्हणाले, आणि बादली उचलायला मला हात दिला.