फ्लोरेन्सच्या गल्लीत आबांची छत्री

कट्.

नीट वाळलेले हळकुंड दोन हातांनी मोडले की असा आवाज येतो. कोरडा, स्वच्छ, ताणलेल्या तारेवर नख मारावे तसा. वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे तिथल्या घाऊक बाजारात, तो मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण त्या सकाळी तो आवाज मी इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात, मसाल्यांच्या एका चिमुकल्या दुकानात ऐकला, आणि आधी मनगटाकडे पाहिले. घड्याळात दहा चाळीस झाले होते.

देवराव आबांनी कोटाच्या खिशातून आणलेले हळकुंड दुकानदारासमोर मोडले होते. त्याच्या बरणीतली हळद तळहातावर चोळून, हुंगून ते त्याला मराठीत समजावत होते, "ही जुनी हाय. वास उडालाय हिचा. हे बघ, हे आमच्या वसमतचं." दुकानदार इटालियनमध्ये काहीतरी कौतुकाचे बोलत होता. दोघांनाही एकमेकांचे सारे कळत असावे, असे त्यांचे चेहरे होते. दाराबाहेर, एका माणसापुरत्याच रुंद फुटपाथवर, आमची बाकीची आठ माणसे एकामागे एक, निवांत उभी होती. आणि पन्नास पावले पुढे आमची गाइड पाओला हिरवी छत्री उंच धरून एका कमानीचा इतिहास रिकाम्या हवेला सांगत होती.

सव्वा अकराला आम्हाला चित्रसंग्रहालयाच्या गेटवर पोहोचायचे होते. सव्वा अकरा म्हणजे सव्वा अकराच.

हे जरा उलगडून सांगते. मी तेव्हा नांदेडच्या एका ट्रॅव्हल कंपनीत नोकरीला होते. मराठी कवितेचा अभ्यास करून एम. ए. झालेली मुलगी तिकीट काउंटरवर बसली, आणि दोन हजारच्या दशकात परदेशवाऱ्या वाढल्या तशी टूर मॅनेजर झाली. टूर मॅनेजर म्हणजे गाइड नव्हे. माणसे, पासपोर्ट, बॅगा आणि वेळा सांभाळणारी ती टूर मॅनेजर. इटलीत ऐतिहासिक वास्तूंसमोर उभे राहून माहिती सांगायची तर तिथला लायसन्स असलेला गाइडच हवा. मी तोंड उघडायचे ते फक्त भाषांतरासाठी. प्रायव्हेट वॉकिंग टूर म्हणजे तो गाइड तीन तास केवळ आपला, आणि शहर पायी पाहायचे. काय आधी, काय नंतर, हे बदलता येते. बदलत नाही तो एकच आकडा, संग्रहालयाचा स्लॉट. तिकिटावर वेळ छापलेली असते. ती चुकली की तिकीट म्हणजे नुसता गुळगुळीत कागद.

आमच्या साहेबांना ही पायी टूरच मान्य नव्हती.

"अहो, ही शेतकरी मंडळी," ते म्हणाले होते. "बसमध्ये बसवा, काचेतून दाखवा, हॉटेलवर आणा."

"सर, ही माणसं रोज आठ-दहा किलोमीटर चालतात. बसमध्येच त्यांना मळमळतं."

"चालतात हो. पण वेळेवर पोहोचतात का? एक जरी माणूस गेटबाहेर राहिला, तर पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा काउंटरवर. चालेल?"

मी चालेल म्हणाले. काउंटरची ती उंच, टेकण नसलेली खुर्ची मला त्या क्षणी डोळ्यांपुढे स्पष्ट दिसत होती.

ग्रुप नऊ जणांचा होता. वसमत आणि डोंगरकडा गावाकडची हळद पिकवणारी चार जोडपी, आणि नववी कोंडाबाई. ती मेंढरांमागे आयुष्य काढलेली बाई. तिच्या पुण्यातल्या इंजिनिअर मुलाने परस्पर तिचे नाव यादीत घातले होते. सगळ्यांत वडील देवराव आबा. मोंढ्यात हळदीवरून दोघांत वाद झाला की आबांना बोलावणे जाई. आबा हळकुंड मोडत, आवाज ऐकत, वास घेत, आणि दोनपैकी एक शब्द उच्चारत. 'न्हाई' किंवा 'बराबर'. 'बराबर' फार क्वचित ऐकू येई. त्या शब्दासाठी माणसे दिवसभर उन्हात थांबत.

निघण्याच्या महिनाभर आधी मी वसमतमध्ये एक रंगीत तालीम घेतली. मोंढ्यापासून बसस्टँडपर्यंत चालायचे. पुढे मी, हातात माझी काळी छत्री, मागे नऊ जण. वीस मिनिटांचे अंतर, आणि आम्हाला लागला दीड तास. दर दहा पावलांवर कुणीतरी हाक मारी, "आबा, या की, च्या घ्या!" आबा थांबत. सगळे थांबत. बशीत ओतलेल्या चहाचा गोडसर, आल्याचा वास अजून नाकात आहे. सहा कप झाले. मी वहीत निष्कर्ष लिहिला, 'अडचण: ओळखीची माणसे व चहा. फ्लोरेन्समध्ये दोन्ही नाहीत. चिंता नसावी.'

ग्रुपमध्येच होते आबांचे पुतणे माधवराव, वय पन्नास, इंग्रजी येणारे, हातात मोठे घड्याळ. वेळापत्रक मी त्यांच्या हाती दिले आणि निर्धास्त झाले.

आणि आता ही फ्लोरेन्सची गल्ली. दगडी फरशीला रात्री धुतल्याचा ओलसर वास, कुठूनतरी भाजल्या कॉफीचा, कातड्याच्या पिशव्यांचा. चहा नव्हता, ओळखीचे कुणी नव्हते. तरी आम्ही एका तासात चारशे मीटर सरकलो होतो. आबा दगडाच्या जोत्यावर थाप मारून पाहत. आबा दारावरची लोखंडी कडी वाजवून पाहत. येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्यांना राम राम करत. आबा थांबले की सारी रांग थांबे.

मी माधवरावांना गाठले. "अहो, तुम्ही तरी पुढे चला. पाओला खोळंबलीय."

माधवराव रस्त्याकडे पाहत पुटपुटले, "आबाच्या म्होरं कसं जावं, मॅडम?"

"का? रस्ता तर मोकळा आहे!"

"रस्त्याचं काय घेऊन बसलात. बांधावरून चालताना कधी गेलो न्हाई, तर हितं काहून जाऊ?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बांधाची वाट एका पावलाची. वडील माणूस चालेल त्या चालीने मागच्यांनी चालायचे, त्याला ओलांडायचे नाही. वसमतलाही रांग चहामुळे थांबत नव्हती. आबा थांबत होते म्हणून थांबत होती. तालमीने अडचण मला सहा वेळा दाखवली होती, आणि मी सहाही वेळा कपात पाहत होते.

"मग आबांना तुम्ही लवकर चला म्हणा."

"मी?" माधवरावांनी असे पाहिले की जणू मी त्यांना आबांच्या डोक्यावरचा पटका उतरवायला सांगितला होता.

पाओला परत आली. तिचे इंग्रजी सभ्य होते, पण ताणलेल्या भुवया तशा नव्हत्या. "मॅडम, तीस मिनिटं उरली आहेत. या चालीनं आपण संध्याकाळी पोहोचू."

दहा पंचेचाळीस. मी मनात काउंटरची धूळ पुसायला सुरुवात केली.

रांगेच्या शेपटाकडून कोंडाबाई आली. पदर खोचलेला, पायात मुलाने घेऊन दिलेले पांढरे बूट.

"काय झालं वो बाई? तोंड काहून उतरलं?"

मी सांगितले. ती हसली. दातांतली फट दिसेपर्यंत हसली.

"तुमी म्होरं उभ्या राहून वढून राहिल्या. मेंढरं अशी चालतेत व्हय? म्होरं एडका लागतो. अन् मागं माणूस. मधली आपोआप येतेत."

माधवरावांना राहवले नाही. "काकू, आबाला एडका म्हणून राहिली का?"

"न्हाई तर काय! आठ जणं त्याच्या शेपटाला बांधल्यावानी चालून राहिले. तू तर पयला. घड्याळ बांधलेलं मेंढरू!"

रांगभर खसखस पिकली. आबांच्या पत्नी गंगाबाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या. त्याच वेळी आबा दुकानातून बाहेर आले, हातावर हळदीचा पिवळा डाग घेऊन.

"काय चाललंय?"

मी पाओलाकडे वळले. "तुझी छत्री दे."

"माझी छत्री? ही गाइडची खूण आहे, मॅडम. इतक्या वर्षांत मी ती कुणाला दिलेली नाही."

"अर्ध्या तासासाठी. तुझं लायसन्स गळ्यात आहेच."

तिने आबांकडे पाहिले, पटक्याकडे, पिवळ्या तळहाताकडे. आणि छत्री दिली. मी ती आबांपुढे दोन्ही हातांनी धरली.

"आबा, आता तुम्ही सर्वांत पुढे. ही बाई तुमच्या बाजूला, रस्ता दाखवायला. सव्वा अकराच्या आत गेटवर पोहोचायचं आहे. नाहीतर आपल्याला आत सोडणार नाहीत."

आबांनी छत्री घेतली नाही. माझ्याकडे पाहिले.

"सव्वा अकरा? हे कवा ठरलं?"

"आधीपासूनच, आबा. वेळापत्रकात आहे. माधवरावांना..."

"मला काहून न्हाई सांगितलं, ताई?"

खरे कारण इतके साधे होते की लाज वाटली. वडील माणसाला वेळेची आठवण कशी करून द्यायची, असे मला वाटले होते. माझा आदर आणि माधवरावांचा आदर, दोन्ही मिळून आम्ही एका माणसाला घड्याळाबाहेर ठेवले होते. या माणसाने पन्नास वर्षे सौद्याची घंटा व्हायच्या आत गाडी मोंढ्यात उभी केली होती. त्याला वेळ कळत नाही असे नव्हते. त्याला वेळ सांगितलीच नव्हती.

"चुकलं माझं, आबा."

"हं." त्यांनी छत्री उचलली, एकदा झटकली, खांद्याला लावली. "कोंडे, मागं ऱ्हा. कुणी रेंगाळलं तर हाक दे."

"व्हय. तुमी चला तर खरं!"

आणि आबा चालू लागले. मी अनेक शहरांत अनेक ग्रुप नेले, पण ती चाल पुन्हा पाहिली नाही. पाणी सोडायला निघालेला माणूस जसा बांधावरून जातो तशी, पाय न उचलता, पण वेगात. मागे सात जण. सर्वांत शेवटी कोंडाबाई. कुणी खिडकीशी घुटमळले की तिच्या तोंडातून एक बारीक "ट्रर्रर्र" निघे, आणि ते माणूस चमकून रांगेत येई. कॉफी पिणारे इटालियन लोक कप हातात धरून उठून उभे राहिले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कॅथेड्रलच्या घंटा सुरू झाल्या आणि त्यांचा नाद गल्लीच्या भिंतींवर आपटून आमच्या डोक्यांवर सांडत राहिला. आबांनी वर पाहिलेसुद्धा नाही.

"त्यांना थांबवा!" पाओला आबांच्या शेजारून मागे वळून, धापा टाकत मला म्हणाली. "हे कॅथेड्रल आहे! जगभरातून लोक हे पाहायला येतात!"

मी ओरडले, "आबा, हे बघायचंय!"

"मागून!" पुढून आवाज आला. "आधी गेट!"

अकरा वाजून तीन मिनिटांनी आम्ही गेटवर होतो. मी मोजले. नऊ. खात्रीसाठी पुन्हा मोजले. नऊ. बारा मिनिटे हाताशी होती. गंगाबाईंनी पिशवीतून दशम्या काढल्या, आणि पाओलाने तिळाचा वास असलेला तो पहिला घास इतक्या सावकाश खाल्ला की तिचा सगळा राग त्यात विरघळलेला मी पाहिला. आबांनी छत्री नीट गुंडाळून, दांडा तिच्याकडे करून तिला परत दिली. मला मात्र ते एक शब्दही बोलले नाहीत.

संग्रहालय पाहून आम्ही कॅथेड्रलकडे परतलो. तिथे आबांनी भिंतीचा हिरवा-पांढरा संगमरवर तासभर निरखला, आणि या वेळी रांग हवी तेवढी थांबली.

नांदेडला साहेबांनी रिपोर्ट वाचला. "सगळे आत गेले?"

"बारा मिनिटं आधी, सर."

"बसशिवाय?"

"बसशिवाय."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुढच्या वर्षीच्या दोन ग्रुपच्या फायली माझ्याकडे सरकवल्या. काउंटरची खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

या धंद्यातला माझा धडा फार काव्यमय नाही. वेळापत्रक घड्याळ असलेल्याला देऊ नये. ज्याच्यामुळे बाकीचे थांबतात, त्याला द्यावे.

त्या दोन ग्रुपपैकी पहिल्याचा आराखडा मी वसमतला आबांना दाखवायला नेला. मोंढ्यात सौदे नुकतेच संपले होते. हवेत पिवळी धूळ तरंगत होती आणि उन्हाला हळदीचा वास होता. कागदावर पहिलीच ओळ मी मोठ्या अक्षरांत लिहिली होती. 'सर्वांत पुढे: ग्रुपमधील सर्वांत वडील व्यक्ती. वेळ प्रथम त्यांना सांगावी.' आबांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला. सवयीने नाकाशी नेला. मग घडी घालून माझ्या हातात ठेवला, आणि म्हणाले,

"बराबर."